मागच्या बाकापर्यंत

त्यांना सगळे हॅट् सर म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं सर. पण जिन्यात, पाण्याच्या मशीनपाशी, फीच्या खिडकीशी, जिथं सरांची पाठ असे तिथं हॅट् सर. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नसणार. फळा नीट पुसला नाही, हॅट्. कुणाच्या वहीतला चौकोन वाकडा आला, हॅट्. संस्थेच्या मालकानं दारावर नवी पाटी लावली, हॅट्, हे काय अक्षर आहे. जगात जे दुसऱ्यानं केलं ते हॅट् आणि जे सरांनी केलं ते तपासायची गरज नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि त्यावर त्यांनी अर्धं आयुष्य मजेत काढलं होतं.

सर नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवत. खाली झेरॉक्सचं दुकान, मध्ये एका वकिलाचं कायम कुलूपबंद ऑफिस आणि वर ही संस्था: एक लांबट खोली, भिंतीकडेला संगणक, मध्ये बाकं, आणि एक पंखा, जो फक्त फळ्याला वारा घाली. संध्याकाळी दिवसभराचं काम उरकून माणसं तिथं येत. कुणाला बढती हवी होती, कुणाला नोकरी बदलायची होती, कुणाला घरी बसवत नव्हतं. सरांच्या लेखी ही सगळी एकाच मापाची होती, म्हणजे मठ्ठ.

सरांची स्वतःची कर्तबगारी काय, हे विचारायची सोय नव्हती. मोठ्या कंपन्यांनी त्यांना घेतलं नव्हतं. सर ते उलटं सांगत. "मीच गेलो नाही," म्हणत, "तिथं सगळे हो ला हो करणारे लागतात." प्रत्यक्षात ते मुलाखतींना गेले होते, चांगले इस्त्रीचे कपडे घालून गेले होते, आणि एका ठिकाणी तर मुलाखत घेणाऱ्याच्याच प्रश्नात चूक काढून आले होते. चूक बरोबर काढली होती, हेही खरं. पण परत येताना त्यांच्या पदरात ती चूकच होती, नोकरी नव्हती.

त्यांच्या वर्गात एक रिवाज होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. ज्याचा प्रोग्रॅम चुकला त्यानं उभं राहायचं आणि आपली चूक आपल्या तोंडानं मोठ्यानं सांगायची, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशी. मागच्या बाकावरच्यांनी "ऐकू आलं" म्हटलं की बसायचं. "ऐकू नाही आलं" म्हटलं की पुन्हा सांगायची. माणसं लाजत, पुटपुटत. मग मागून आवाज येई, "सर, मागे ऐकू नाही आलं," आणि सरांची कळी खुले. एक नर्स होती, रोज रक्त बघणारी, कुणाला न घाबरणारी बाई. इथं उभी राहिली की तिला कंठ फुटत नसे. "मोठ्यानं बोला," सर म्हणत, "चूक करताना लाज नाही वाटली, मग सांगताना कसली वाटते?" याला ते शिकवण्याची पद्धत म्हणत. इतका हलका आनंद इतक्या जड नावाखाली लपवणारा माणूस दुसरा सापडायचा नाही.

सरांची बायको दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना घराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. आत एक खुर्ची, बाहेर एक बाक, मध्ये पातळ भिंत. आत ड्रिल सुरू झालं की बाहेर बसलेल्यांचे चेहरे उतरत. बाहेरच्या टेबलाशी बायकोची थोरली बहीण बसे. तिला सगळे ताईच म्हणत, पेशंटसुद्धा. ताईंचं आयुष्य एका सिनेमा थिएटरच्या तिकीटखिडकीत गेलं होतं. त्या खिडकीत बसूनच त्यांनी धाकटीचं शिक्षण निभावलं. स्वतःचं लग्न पुढे ढकलता ढकलता राहून गेलं, आणि एक दिवस थिएटरही बंद पडलं. दवाखाना निघाला तेव्हा धाकटी म्हणाली होती, "बाहेर तू नसलीस तर मी आत बसायची नाही." तेव्हापासून ते टेबल ताईंचं. उशी घातलेली खुर्ची, एक जाडजूड डायरी आणि टोकं काढून ठेवलेल्या पेन्सिली. ताईंना एवढंच होतं आणि त्यांना याहून जास्त काही नकोही होतं.

सर त्या डायरीकडे बघून नाक मुरडत. "हॅट्! या जमान्यात पेन्सिल?"

"खोडता येतं, भाऊजी," ताई म्हणत. "माणसं सारखी वेळ बदलतात."

या उत्तरात चूक काढता येत नव्हती, म्हणूनच ते सरांना खुपलं. एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की दवाखान्यासाठी आपण स्वतः प्रोग्रॅम लिहिणार. बायको खूश झाली. नवऱ्याच्या हुशारीचा घरी काहीतरी उपयोग होईल याची ती लग्नापासून वाट बघत होती.

योजना अशी होती. संगणक एकच, ताईंच्या टेबलाखाली. त्याला पडदे दोन: एक ताईंसमोर, दुसरा भिंतीतून वायर नेऊन आत खुर्चीपाशी. ताईंनी बाहेर पेशंटची वेळ लिहायची, सेव्हचं बटण दाबायचं, की डॉक्टरला ती आत दिसणार. योजनेत खोट नव्हती. खोट होती ती लिहिणाऱ्यात. सरांनी आधी आतल्या पडद्याचा भाग लिहिला. मग तोच उचलून बाहेरच्या पडद्यासाठी खाली चिकटवला, वरचं नाव बदललं, दोन बटणं वाढवली आणि आळस दिला. विद्यार्थ्यानं अशी चिकटवाचिकटवी केली असती तर सरांनी त्याची सालटी काढली असती. पण हे त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी बाहेरचा पडदा उघडला, पेशंट म्हणून आपलंच नाव लिहिलं, सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. नाव जागेवर होतं. आतला पडदाही सोबत उघडून बघावा, हे त्यांच्या मनात आलं नाही. दुसऱ्याचं तपासणं हा त्यांचा धंदा होता. स्वतःचं तपासणं हा त्यांना अपमान वाटे.

पेन्सिली खणात गेल्या, डायरी कपाटात गेली, आणि घोळ सुरू झाला.

ताई बाहेर नाव लिहीत, सेव्ह दाबत. आतल्या पडद्यावर त्या वेळेला कुणीच नसे. डॉक्टर बाई मोकळा वेळ बघून मागच्या खोलीत चहा घ्यायला जाई आणि बाहेर माणूस गाल धरून बसलेला. कधी डॉक्टर आतूनच एखाद्याला पुढची वेळ देई. ती ताईंना बाहेर मोकळी दिसे, त्या तिथं दुसऱ्याला बसवत, आणि एकाच वेळेला दोघं हजर, दोघांचीही तोंडं सुजलेली, दोघंही आधी मी आधी मी करणारे. त्याहून कहर म्हणजे, ताईंनी दिवसभर लिहिलेली नावं दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पडद्यावरूनही उडालेली असत.

ताई चक्रावल्या. धाकटी वैतागली. सर आले आणि ताईंची उशी बाजूला काढून त्यांच्या खुर्चीत बसले.

"सेव्ह दाबता का?"

"दाबते की."

"नक्की?"

"नक्की हो, भाऊजी. दाबल्यावर ते हिरवं होतं, तेही बघते."

सरांनी बाहेरचा पडदा उघडला, एक नाव लिहिलं, सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं. नाव जागेवर. "बघ," ते बायकोला म्हणाले, "माझ्या हातून कसं राहतं? यंत्र खोटं बोलत नाही. माणूस विसरतो." मग त्यांनी ताईंना बटण कुठं आहे, ते कसं दाबायचं आणि दाबल्यावर बोट कसं उचलायचं हे एकेक शब्द तोडून समजावलं. बाकावरचे पेशंट आपलं दुखणं विसरून ऐकत होते. ताई मान हलवत राहिल्या. धाकटी दारात उभी होती. तिनं एका शब्दानं नवऱ्याला अडवलं नाही, आणि या गोष्टीत तिचंही फारसं कौतुक करावं असं काही नाही.

त्या दिवसापासून ताई सेव्ह दाबायच्या, हिरवं झालेलं बघायच्या, पुन्हा दाबायच्या. घरी गेल्यावर जेवताना त्यांना वाटायचं, शेवटचं दाबलं की नाही? आयुष्यभर तिकिटं विकली, कधी एका खुर्चीवर दोन माणसं बसवली नव्हती. आता रोज बसत होती. हळूहळू त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली, आणि सरांनी केलेलं सगळ्यात नीच काम ते हेच.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. दाढ काढायची होती. त्यासाठी त्यांनी रक्त पातळ करायची गोळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारून आधीपासून बंद केली होती, मुलीला दुसऱ्या गावाहून बोलावून घेतलं होतं. वेळ ताईंनी दिली होती. आतल्या पडद्यावर ती नव्हती, म्हणून डॉक्टर एका व्याख्यानाला निघून गेली होती. म्हाताऱ्याच्या मुलीनं दवाखान्यात उभं राहून असा दंगा केला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. ताई फक्त एवढंच म्हणत राहिल्या, "मी लिहिलं होतं, मी लिहिलं होतं."

संध्याकाळी बायकोनं नवऱ्याला विचारलं, "अहो, काय करायचं?"

"मी काय बोलणार? बहीण तुझी आहे." सरांनी पाण्याचा घोट घेतला. "पण वय होतं माणसाचं. डोकं पूर्वीसारखं राहत नाही. यंत्राला वय नसतं."

दुसऱ्या दिवशी धाकटी ताईंना म्हणाली, "ताई, तू थोडे दिवस घरी आराम कर."

"मी दाबलं होतं गं."

"हो, ताई. पण…"

ताईंनी उशी काखेत मारली, पेन्सिली पर्समध्ये टाकल्या आणि निघाल्या. डायरी त्यांनी कपाटातच राहू दिली, कारण ती दवाखान्याची होती. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली, आणि घोळ तसाच चालू राहिला. सर म्हणाले, "नवी आहे, शिकेल."

याच सुमारास संस्थेत तो धडा आला. नवशिक्यांची इथं हमखास दांडी उडते, म्हणून सरांचा हा लाडका धडा.

"क्लास म्हणजे आराखडा," सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला. "त्यावरून बनवलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. कपाटाचा आराखडा एक, कपाटं हवी तेवढी बनवा. न्यू असं लिहिलंत की एक नवं कोरं कपाट तयार. आता दोन क्लासना मिळून एकच कपाट वापरायचं असेल तर काय कराल? एकदाच बनवाल आणि दोघांच्या हाती तेच द्याल. की दोघं आपापल्या घरी न्यू म्हणत सुटाल?"

मागच्या बाकावर एक चष्मेवाला बसे, चष्म्याच्या फ्रेमांचं दुकान चालवणारा, स्वतःच्याही नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तो मागच्या बॅचला नापास होऊन पुन्हा बसला होता. सर त्याला 'मुक्कामी' म्हणत. त्यानं आपल्या दुकानाचा प्रोग्रॅम केला होता: समोरचा काउंटर हा एक क्लास, मागची खोली हा दुसरा, आणि दोघांनी वापरायचा फ्रेमांचा एकच साठा. सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला आणि वाचता वाचता त्यांचे डोळे लकाकले.

"हॅट्! हे बघा, हे बघा मुक्कामींचं! काउंटरनं न्यू साठा बनवला. मागच्या खोलीनंही न्यू साठा बनवला. समोर फ्रेम विकली तरी मागच्या खोलीत ती शिल्लकच! समोरच्यानं डोकं आपटलं तरी मागच्याला पत्ता नाही, कारण साठे दोन आहेत, दोन! आणि रात्री दोघं आपापला साठा एकाच फाईलमध्ये लिहिणार. मग कुणाचा उरेल? जो शेवटी दुकान बंद करेल त्याचा. आधीच्यानं दिवसभर लिहिलेलं सगळं पुसलं जाणार. आणि तुम्ही बिचाऱ्या काउंटरवाल्याला चोर म्हणणार! उभे राहा. मोठ्यानं."

चष्मेवाला उभा राहिला. रिवाजाप्रमाणे म्हणाला, "मी दोघांना वेगवेगळी वस्तू बनवून दिली. एकच बनवून दोघांच्या हातात द्यायला हवी होती."

"ऐकू नाही आलं," त्याच्याच शेजारचा खुशीत म्हणाला.

चष्मेवाल्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पुन्हा कुणीतरी म्हणालं, ऐकू नाही आलं. तो पुन्हा ओरडला. आणि या वेळी ते खरोखर ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला ऐकू गेलं. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. बाहेरचा पडदा, आतला पडदा. वरून उचलून खाली चिकटवलेला भाग. आणि रोज संध्याकाळी दवाखान्यात आपला पडदा शेवटी कोण बंद करतं? बायको.

"बसा, बसा," ते म्हणाले. कुणाचंही 'ऐकू आलं' न ऐकता त्यांनी एखाद्याला बसवलं ही पहिलीच वेळ होती.

घरी येऊन त्यांनी प्रोग्रॅम उघडला. न्यू डायरी, आणि खाली पुन्हा न्यू डायरी. एवढी मोठी, ठळक, लाज आणणारी चूक, नवशिक्याचीसुद्धा नव्हे, मुक्कामीची. त्यांनी खालची ओळ काढली, वर बनलेली डायरीच दोन्हीकडे दिली आणि प्रोग्रॅम दवाखान्यात नेऊन बसवला. बायकोला म्हणाले, "थोडी सुधारणा केली आहे." नुसतं 'चूक होती' म्हणायला याहून कमी शब्द लागले असते.

दवाखाना सुतासारखा सरळ चालायला लागला. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "बघा ना, ताई गेली आणि गोंधळ थांबला. मला बोलवत नाही, पण खरं ते खरं."

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ज्याच्याकडे शेरा तयार असे तो माणूस म्हणाला, "हं."

मनात त्यांनी बरीच कारणं जुळवली. आता सांगून काय उपयोग? ताईंना आरामच मिळाला. नव्या मुलीला काढायचं का? बायकोला उगाच मनस्ताप. दुसऱ्याच्या चुकीला सरांनी कधी एकही कारण ऐकून घेतलं नव्हतं. स्वतःच्या चुकीला त्यांनी एका बैठकीत एवढी जमवली, आणि त्या रात्री त्यांना शांत झोपही लागली.

पुढची बॅच सुरू झाली त्या दिवशी सर वर्गात शिरले तर पहिल्या बाकावर ताई. नवी वही, टोक काढलेली पेन्सिल.

"तुम्ही?"

"फी भरली कालच," ताई म्हणाल्या. "म्हटलं, आपल्यालाच येत नाही म्हणून तर चुकलं. शिकून घ्यावं. मग धाकटीला सांगता येईल, आता चुकायची नाही मी, घे परत. तिचीही हीच इच्छा आहे. खूप खूश झाली."

"ताई, हे तुमचं काम नाही. अवघड असतं."

"तुम्ही आहात ना." आणि इथं वर्गात भाऊजी कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "सर."

सरांना हॅट् म्हणायचं होतं, पण त्यांनी वळून फळा पुसायला घेतला.

ताई नेटानं शिकल्या. लवकर येत, शंका विचारत, घरून सराव करून आणत. त्यांना मध्येच अडायचं, पण लाजायच्या नाहीत. चुकल्या तर उभं राहून खिडकीतून तिकीट देताना लावायच्या त्या आवाजात खणखणीत सांगत, आणि मागचा बाक पहिल्या झटक्याला म्हणे, "ऐकू आलं, ताई!" वर्ग त्यांच्यावर जीव टाकायला लागला. सर मात्र दिवसेंदिवस आक्रसत चालले होते. तो लाडका धडा जवळ आला तेव्हा त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "हा भाग घरी वाचून घ्या. फारसा महत्त्वाचा नाही." मागच्या बाकावर चष्मेवाल्यानं, जो पुन्हा एकदा नापास होऊन पुन्हा एकदा बसला होता, चष्मा कपाळावर सरकवला आणि सरांकडे निरखून बघितलं.

शेवटी प्रत्येकानं आपापला प्रोग्रॅम मोठ्या पडद्यावर दाखवायचा दिवस आला. ताईंनी काय केलं असणार? दवाखाना. बाहेरचं टेबल हा एक क्लास, आतली डॉक्टर हा दुसरा. दोघींना लागते डायरी. तो धडा कुणी शिकवला नव्हता, म्हणून त्यांनी जे नवशिके करतात तेच केलं: टेबलानं न्यू डायरी, डॉक्टरनंही न्यू डायरी. सरांनी ज्या ओळी घरी कुणाला न दाखवता दुरुस्त केल्या होत्या त्याच आता भिंतभर होऊन वर्गासमोर उभ्या होत्या.

ताई हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. "बरोबर आहे का, सर? यात माझं कुठं चुकत होतं ते बघायचंय मला."

चूक आहे म्हणावं, तर का चूक आहे ते सांगावं लागणार. ते सांगितलं, तर ताई पुढचं स्वतः जोडणार. सरांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. चुकीच्या प्रोग्रॅमकडे बघत ते म्हणाले, "बरोबर आहे. छान."

ताईंचा चेहरा असा उजळला की बघवेना. "खरंच? मग मी आजच धाकटीला…"

"सर," मागून आवाज आला. चष्मेवाला उभा होता, कुणी उभं केलेलं नसताना. भांडायला नव्हे, बिचाऱ्याचा खरोखर गोंधळ झाला होता. "सर, माझं मागच्या बॅचला हेच होतं. तुम्ही हॅट् म्हणालात. मला मोठ्यानं सांगायला लावलं होतंत. पाठ आहे माझं. मी दोघांना वेगवेगळी वस्तू बनवून दिली. एकच बनवून दोघांच्या हातात द्यायला हवी होती."

"ऐकू आलं," सवयीनं कुणीतरी म्हणालं, आणि एकदोघं हसले.

ताई वळल्या. "वेगवेगळी केली तर काय होतं हो?"

"समोरच्यानं कितीही लिहिलं तरी आतल्याला दिसत नाही, ताई. डायऱ्या दोन होतात ना. आणि संध्याकाळी जो शेवटी बंद करतो त्याचंच उरतं, आधीच्याचं सगळं पुसलं जातं. मग समोरच्याला उगाच चोर ठरवतात." चष्मेवाल्यानं सरांकडे बोट दाखवलं, आदरानंच. "सरांनीच शिकवलं."

ताईंनी भिंतीवरच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. पुढच्या बाकावरच्या नर्सला काहीतरी कळलं असावं. तिनं आपली वही मिटली. पंखा फळ्यावर वारा घालत होता. ताईंनी पर्स उघडली, फोन काढला, बटणं दाबली आणि तो सरांच्या समोर टेबलावर ठेवला. मग त्यांनी सरांकडे बघितलं, आणि या वेळी सर म्हटलं नाही.

"भाऊजी, मी बटण दाबलं होतं ना?"

सरांनी ओठ ओले केले. दाराकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले, इतक्या हळू की त्यांचं त्यांनाच पोचलं असेल तर असेल.

"सर, मागे ऐकू नाही आलं," चष्मेवाला म्हणाला.

आणि टेबलावरच्या फोनमधून धाकटीचा आवाज येत होता, "हॅलो? ताई? काय म्हणतेयस? काहीच ऐकू येत नाहीये गं, मोठ्यानं बोल."